बिनफोडणीची गिटार

पनवेल सोडलं की कशेडी घाटाचा माथा येईपर्यंत विजेवर वाजणारी गिटार एकच होती, आणि ती आमच्या गायनपार्टीत होती. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची महाडकरांना सवय आहे. तसं सोडलंत तरी महाड ते पोलादपूर एवढा पट्टा उरतो, आणि तेवढ्यावर मी आजही पैज लावीन.

ती वाजवणारा माझा मित्र तुडीलच्या बौद्धवाडीतला. महाडात एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर कामाला. गिटार त्याच्या मामाने गोदीतून आणलेली. कुणा गोऱ्या खलाशाने मान मोडली म्हणून ती टाकून दिली होती, असं मामा सांगे. गावच्या सुताराने नांगराला ठोकतात तशी सागवानी खुंटी ठोकून तिची मान बसवली. इतकी पक्की, की एकदा जीपच्या टपावरून पडली तेव्हा रस्त्याला खड्डा पडला, गिटारीला काही झालं नाही. जाड तार तुटली की कशेडीत उलटलेल्या ट्रकची क्लचची केबल उसवायची आणि त्यातला एक पदर लावायचा. पावसाळ्यात घाटात ट्रक इतके उलटायचे, की तारांची ददात आम्हाला कधी पडली नाही.

मी लाऊडस्पीकर भाड्याने देणारा. दोन भोंगे, एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, एक कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणि एक स्पूलचं जुनं धूड, जे उचलायला दोन माणसं आणि शिव्या द्यायला तिसरा लागे. लग्न असो, जयंती असो, माझा भोंगा पहिला पोचायचा आणि नवरदेव मागून. पार्टीत मी गात नव्हतो. गायलो असतो तर पार्टी उरली नसती. पण आवाज माझ्या हातात होता, म्हणून मला मान होता.

त्या काळात आमच्याकडच्या पार्ट्यांत पेटी, ढोलकी, फार तर बेंजो. गिटार म्हणजे नवलच. माझा मित्र ती उभी धरायचा, डोळे मिटायचा आणि गायकाच्या ओळीच्या पाठोपाठ अशी काही सुरावट सोडायचा, की पंगतीतला वाढपी वरणाची बादली हातात घेऊन थांबायचा. एका लग्नात नवऱ्याने बोहल्यावरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि हार नवरीऐवजी करवलीच्या गळ्यात घालायला निघाला होता. ही मात्र खरी गोष्ट. त्या करवलीला विचारा.

त्याला छापखान्यात पाळीची नोकरी. तो नसला की आमच्या तालमी गिटारीविना व्हायच्या. म्हणून मी म्हटलं, तुझं वाजवणं टेपवर घेऊन ठेवू, तू नसशील तेव्हा तालमीला लावू. शिमग्याच्या आधीच्या एका रविवारी दुपारी तो माझ्या घरी आला. ॲम्प्लिफायर बिरवाडीला साखरपुड्याला गेलेला. मग मी गिटारीची वायर सरळ टेपरेकॉर्डरच्या पोटात खुपसली. गिटार ॲम्प्लिफायरातून न जाता नुसत्या वायरीतून टेपवर उतरली की कशी लागते ठाऊक आहे? फोडणी न दिलेल्या आमटीसारखी. डाळ शिजलेली, मीठ बरोबर, पण कुणी दुसऱ्यांदा मागणार नाही. तालमीपुरती चालेल म्हणालो.

शेवटच्या गाण्यात, धृपदावर परत येताना त्याचं बोट घसरलं. एक स्वर हुकला, क्षणभर काहीच नाही, मग त्याने पुढचा पकडला.

"पुसून टाक रे ते," तो म्हणाला, "परत वाजवतो." मग त्याने घड्याळाकडे बघितलं. तुडीलची एस्टी सुटायची वेळ झालेली. "जाऊ दे. पुढच्या रविवारी बगू."

पुढचा रविवार यायच्या आत कागदाचा गठ्ठा सरळ करताना यंत्राचं पातं खाली आलं. डावा हात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं, बाकीची तीन पेरापासून गेली. गिटारीच्या तारा दाबायच्या त्या डाव्या हाताने.

इथे माझ्या सगळ्या थापा संपतात. बोटांबद्दल मला वाढवून सांगता येत नाही आणि कमी करूनही सांगता येत नाही.

मालकाने त्याला कामावर ठेवून घेतलं, गठ्ठे बांधायला. गावात सगळे म्हणाले, नशीब, नोकरी सुटली नाय. मी तुडीलला गेलो तेव्हा त्याची बायको मला बाहेर ओट्यावर घेऊन आली.

"भावजी, ती खुंटीवरची गिटार उतरवून न्या तुमच्याकडं."

"का गो वैनी? त्याने सांगितलं?"

"त्यांनी सांगितलं असतं तर मीच नदीत टाकली असती. बोलतच नाय ना. तिच्याकडं बघत जेवायला बसतात नि अर्धी भाकर ठेवून उठतात. माझ्याकडं कधी एवढं बघितलं नाय मेल्यांनी."

ती हसली आणि पदर तोंडावर घेतला.

गायक म्हणजे पार्टीचे म्होरके. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांचा आवाज असा, की सावित्री नदीच्या अल्याड गायले तर पल्याडच्या गुरांनी हंबरून साथ द्यावी. मन मोठं, पण पार्टी चालवायची म्हणजे मनाला कुलूप लावावं लागतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"गिटारीबिगर लोक आता बोलवत नाय. परळला माझा भाचा हाय, वाजवतो. तुझ्या दोस्ताची जागा वैशाखातल्या पोलादपूरच्या लग्नापर्यंत ठेवतो. त्याच्या पुढं मला नाय जमायचं."

"आणि त्याच्या जागेवर तोच उभा राहिला, गिटार वाजली, तर?"

"कशानं वाजवील? दातानं?"

मग मी माझी अक्कल पाजळली. त्याचं वाजवणं माझ्याकडे टेपवर आहे. तो गिटार गळ्यात घालून उभा राहील, हात हलवील, आवाज टेपमधून येईल. दादांनी पानाची पिंक टाकली.

"लोकांना गिटार दिसली पायजे नि ऐकू आली पायजे," ते म्हणाले. "कुठून येते ते कोण बगतो?"

पण ती बिनफोडणीची टेप भोंग्यावर लावली तर शेंबडं पोरही ओळखेल की ही मंडपातली गिटार नाही, डबीतली आहे. तिला फोडणी द्यायला हवी होती. म्हणजे असं, की कोरडी टेप लावायची, तिचा आवाज ॲम्प्लिफायरातून मोठा करून खोलीत सोडायचा आणि खोलीत घुमलेला तो आवाज मायक्रोफोनने धरून दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे स्पूलवर, नव्याने उतरवायचा. बोटं जुनीच, आवाज नवा. मुंबईत मोठमोठे लोक काचेच्या खोल्यांत बसून हेच करत असतील, अशी माझी खात्री होती. आमच्याकडे भाताची कणगी ठेवायची मागची खोली होती.

तिला मी स्टुडिओ म्हणायला लागलो. कणगी हलवली, खिडकीला बारदान ठोकलं, भिंतींना आतून भाताचा पेंढा रचला. अशी शांतता झाली, की स्वतःच्या पोटातली भाकरी जिरताना ऐकू येई. दुसऱ्या दिवशी दार उघडं राहिलं आणि म्हशीने स्टुडिओची पूर्वेची भिंत खाल्ली. आई म्हणाली, "तुझ्या गिटारीनं नाय तर नाय, पेंढ्यानं तरी दूध वाढंल."

मित्राला मी रोज छापखान्यातून सुटला की घेऊन यायचो. सुरुवातीला तो नुसता दारात बसे, डावा हात बगलेत घालून. टेप चालू झाली की तोंड फिरवायचा. मी एका मासिकातल्या आकृतीवरून एक पेडल बनवलं होतं, चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात. त्याचं बटण पायाने दाबलं की गिटार अशी फुरफुरायची, जणू गांधीलमाश्यांच्या पोळ्याला कुणी काठी घातली. पण ते कुठे दाबायचं नि कुठे सोडायचं हे मला कळेना. मी दाबलं की गाण्याचं डोकं फिरायचं.

"सोड ते," तो दारातून म्हणाला. "कुठंपण दाबतोस. बैलाच्या शेपटीवर पाय दिल्यागत."

"मग तू दाब की."

तो उठला. चप्पल काढली, डब्यापाशी उभा राहिला. मी टेप मागे नेली, पुन्हा लावली. पहिल्या कडव्यात त्याने काहीच केलं नाही. मग सुरावट वर चढताना त्याने पाय टेकवला, आणि माझ्या अंगावर काटा आला. पायाने दाबून, सोडून, अर्धवट दाबून तो स्वतःचंच जुनं वाजवणं पुन्हा वाजवायला लागला. हात बगलेतून बाहेर आला होता, त्याला पत्ता नव्हता. बोटं गेली होती, पण पाय होता. त्या दिवशी तो आमच्याकडे दोन भाकऱ्या जेवला, आणि आईने तिसरी वाढली तर नको म्हणाला नाही. मला वाटलं, जमलं.

ती एकच संध्याकाळ मला तसं वाटलं.

कारण शेवटच्या गाण्यातली ती ठेच होती. धृपदावर परत येताना हुकलेला स्वर आणि त्यापुढची पोकळी. आम्ही तिच्यावर काय काय घातलं! पेडल दाबलं तर ठेच मोठी झाली, गांधीलमाश्या तिथेच येऊन बसल्या. ॲम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, पाण्याच्या रिकाम्या रांजणात मायक्रोफोन सोडला. रांजणातून ठेच आणखी गोल होऊन आली. मग मी म्हटलं, विहीर. विहिरीत आवाज घुमला तर एका स्वराची शेपटी दुसऱ्यापर्यंत पोचेल आणि मधली पोकळी झाकली जाईल. उन्हाळ्याने विहिरीचं पाणी खोल गेलं होतं. भोंगा दोराने खाली सोडला, मायक्रोफोन मधोमध लटकवला, घरापासून विहिरीपर्यंत वायर ओढली. इतकी वायर, की महाडातले कावळे तिच्यावर बसायला रांग लावून होते. टेप चालू केली. पाताळातून गिटार यायला लागली, आणि तेवढ्यात शेजारची एक काकू कळशी घेऊन आली.

"कोण रे मेला विहिरीत?"

मी हातवारे करून गप्प बसायला सांगितलं.

"गप काय बसू? भात शिजायचाय माझा! भोंगा काढ, नायतर कळशी त्याच्या डोक्यात घालीन!"

हे सगळं टेपवर उतरलं. तेवढी टेप आम्ही पुसली, पण त्या दिवशी मित्र हसला, फार दिवसांनी. दुसऱ्या खेपेला विहीर मोकळी मिळाली आणि गिटार अशी उतरली, की ऐकणाऱ्याने मंडपातल्या खांबाला टेकून उभं राहावं. ठेच मात्र होती तिथेच. आता ती घुमत होती, एवढंच.

शेवटी मी ब्लेड घेऊन स्पूलच्या पट्टीतली ती पोकळी कापून टाकली आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. गाणं लंगडं झालं. ढोलकीवाल्याचा ताल तिथे येऊन पायरी चुकल्यासारखा पडायचा. मित्राने ते एकदा ऐकलं आणि म्हणाला, "जोड परत. आपली चूक आपल्याला कापता येत नाय." मी कचऱ्यातून तो वीतभर तुकडा शोधून पुन्हा जोडला.

मार्ग दादांनी काढला. तालमीत टेप त्या जागी आली, तेव्हा त्यांनी हात वर केला. "आपण सगळेच थांबू हितं. ढोलकी, पेटी, मी. सगळे थांबले की ती चूक राहत नाय." आणि खरंच, सगळे एकदम थांबले तर ते इतकं मुद्दाम केल्यासारखं वाटे, की अंगावर शहारा यायचा. आम्ही ती ठेच घोकून घोकून पाठ केली. मित्र आरशासमोर गिटार घेऊन उभा राही, डाव्या हाताचा अंगठा मानेमागे आणि उरलेलं बोट पुढे, तीन बोटं नाहीत हे लोकांना दिसू नये असा कोन साधून. आपली चूकसुद्धा तो वेळेवर करायला शिकला.

लग्न पोलादपूरच्या पुढे, कुडपणकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका वाडीत. तिकडे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, ते बरं होतं. विजेचे खांब पोचले होते, वीज पोचायची होती. एरवी माझा भोंगा मोटारीच्या बॅटरीवर चाले, पण स्पूलचं धूड बॅटरीवर चालणारं नव्हतं. म्हणून वरपक्षाने खडी मशीनवरून डिझेलचं जनरेटर आणवलं. मी निर्धास्त. वीज ती वीज, खांबातून येवो की इंजिनातून. स्पूलची मोटर इंजिनाच्या चालीवर चालते, इंजिन रेंगाळलं की तीही रेंगाळते, हे महाडच्या खांबाच्या विजेवर मला कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं.

ऐन दुपारी बारा-साडेबाराला लग्न लागलं आणि आमचा कार्यक्रम सुरू झाला. स्पूल मी टेबलाखाली ठेवून वर चादर सोडली होती. मित्र पांढऱ्या शर्टात, गिटार गळ्यात, डोळे मिटलेले. पहिली गाणी अशी झाली, की वाडीतल्या म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या. नवरीकडचा कुणीतरी ओरडला, "गिटारवाला, क्या बात हाय!" मुंबईहून आलेला असणार. मित्राने डोळे न उघडता मान झुकवली. मी टेबलामागून बघत होतो. तो आनंदात होता. हे मी वाढवून सांगत नाही.

शेवटचं गाणं लागलं आणि मंडपामागून आचारी ओरडला, "पाणी नाय भाताला! पंप लावा रे!"

कुणीतरी पाण्याचा पंप त्याच जनरेटरला जोडला. इंजिनाचा ऊर धपापला आणि त्याच्याबरोबर गिटार बसायला लागली. आधी किंचित, मग स्पष्ट, मग अख्खी सुरावट डोंगरावरून घसरणाऱ्या म्हशीसारखी खाली, खाली, हंबरत. पेटी आपल्या जागी, दादा आपल्या सुरात, आणि भोंग्यातून एक जाडा, मरणाचा हुंकार. मित्राचा हात मात्र चालूच होता, पूर्वीच्याच गतीने.

मागून एक म्हातारा म्हणाला, "गिटारवाल्याला पाणी द्या रे, घसा बसला त्याचा!"

मंडप हसला. वाईट मनाने नाही. लग्नात लोक हसायलाच येतात. मित्राने डोळे उघडले. हात थांबवला. दोन्ही हात खाली सोडले.

तेवढ्यात कुणीतरी पंप बंद केला. इंजिन सावरलं आणि गिटार आपली आपण वर चढायला लागली, सुरेल, विहिरीतून घुमलेली, फोडणी दिलेली. तो हात खाली सोडून उभा, आणि गळ्यातली गिटार वाजतेय. आता कुणी हसत नव्हतं. पुढच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून त्याच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. धृपद आलं. ठेच आली. ढोलकी थांबली, पेटी थांबली, दादा थांबले, सगळे एकदम, तालमीत पाठ केलं होतं तसं बिनचूक. मग पुढचा स्वर आला आणि गाणं पुरं झालं.

त्याने गिटार काढून पेटीच्या खोक्यावर ठेवली आणि जाऊन जनरेटरच्या पलीकडे बसला, जिथे इंजिनाच्या धडधडाटात कुणाशी बोलावं लागत नाही.

परतताना पोलादपूरच्या नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा तोच म्हणाला, "दादा, भाच्याला बोलवून घ्या."

दादांनी बशीत फुंकर घातली. "बोलवलाय रे. सोमवारी येतो."

म्हणजे लग्नाच्या आधीच बोलावलेला. मित्राने मान हलवली, जणू त्याने एस्टीची वेळ विचारली आणि कुणी ती सांगितली.

भाचा आला. पोरगा चांगला, हात झरझर. गाणी त्याला माझ्या स्पूलवरून शिकवली. पहिल्या तालमीत शेवटच्या गाण्याच्या धृपदावर तो तिथेच थांबला, एक स्वर खाऊन, पोकळी सोडून. त्याला वाटलं, चालच तशी आहे. कुणी त्याला सांगितलं नाही. आमच्यावरून दुसऱ्या पार्ट्यांनी ते गाणं उचललं, त्यांच्यावरून बँडवाल्यांनी. बघता बघता महाड-पोलादपूरच्या वाड्यांत ते गाणं त्या ठेचेसकटच गायलं जायला लागलं. थांबलं नाही तर लोक म्हणायचे, यांना चाल येत नाय.

मित्र छापखान्यात गठ्ठे बांधत राहिला. गिटार वैनींनी माझ्याकडे पाठवली. ती दुकानात टांगलेली होती, आणि पावसाळ्यात तिच्या खुंटीला बुरशी यायची. कोरडी कॅसेट मी जपून ठेवली होती. "ऐकायचीय का?" मी अधूनमधून विचारी. तो म्हणे, "आता नको, एस्टी चुकंल."

बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं काही कामाने पोलादपूरला गेलो होतो. स्टँडबाहेर चहा घेत होतो. रस्त्यावरून वरात आली, बँड ते गाणं वाजवत होता. गिटार नव्हतीच, पिपाणी होती, ढोल होते. धृपद आलं आणि अख्खा बँड, नाचणारी पोरंसुद्धा, एकदम थांबली. मग पुढचा स्वर.

त्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि एका बोटाने ग्लास धरला होता. वरात वळणापलीकडे जाईपर्यंत तो तिकडे बघत राहिला.

"बाकीचं कुणाला आलं नाय," तो म्हणाला. "तेवडं बरोब्बर उचललं."

महाडची गाडी लागली, तो उठला, आणि ग्लासात चहा तसाच राहिला, अर्धा.